फुप्फुसाच्या बीपीची गोळी आणि मेडिकलवाल्याचं हसू

माझ्या सासूबाईंना पल्मोनरी हायपरटेन्शन निघालं तेव्हा प्रत्येक नातेवाईक एकच विचारायचा, अगं पण त्यांचं बीपी तर नॉर्मल आहे ना? हो, आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते वेगळं. इथे दाब वाढतो तो हृदयातून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांमध्ये, त्या अरुंद होतात, जाड होतात, मग हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावून रक्त ढकलावं लागतं, म्हणून जिन्यावर दम आणि पायाला सूज. टूडी इकोत संशय येतो, पण पक्कं होतं ते शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून दाब मोजल्यावरच.

डॉक्टरांनी लिहून दिली सिल्डेनाफिल, २० एमजी, दिवसातून तीनदा. आणि इथून खरा त्रास सुरू झाला. घराजवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर काउंटरवरचा मुलगा दुसऱ्याकडे बघून हसला. आई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "मला नको बाई ती गोळी, या वयात लोक काय म्हणतील."

मला खूप राग आला, अजूनही येतो. कारण हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठीच, अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी) तपासलं जात होतं, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवर व्हायग्रा म्हणून १९९८ मध्ये आलं ते त्या चाचण्यांत दिसलेल्या दुसऱ्याच परिणामामुळे, आणि २००५ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या या आजारासाठीही त्याला मंजुरी मिळाली. शरीरातलं नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतं, ही गोळी तो परिणाम जास्त वेळ टिकवते, बस. हे सगळं आईंना डॉक्टरांनीच शांतपणे समजावलं तेव्हा त्या तयार झाल्या. लाजेपोटी ही गोळी मनानेच बंद केली तर दाब पुन्हा वाढून जिवावर बेतू शकतं हो!

पुढे याच आजाराची दुसरी गोळी, बोसेंटन, जोडली. ती लिव्हरला त्रास देऊ शकते म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि गरोदरपणात तर ती अजिबात चालत नाही, बाळाला धोका असतो, तरुण पेशंट असेल तर हे आधी विचारा. शिवाय हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारामुळे फुप्फुसात दाब वाढला असेल तर उपचार वेगळे, तिथे याच गोळ्या नुकसानही करू शकतात, त्यामुळे शेजारच्या काकूंची चिठ्ठी बघून औषध आणायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे छातीत दुखलं की कोणीतरी पटकन जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवतं, व्हॉट्सॲपवर तसे मेसेजही फिरतात. सिल्डेनाफिल चालू असलेल्या माणसाला ती दिली तर बीपी धाडकन खाली येतं, जीवही जाऊ शकतो. आईंच्या पर्समध्ये आता मराठीत चिठ्ठी आहे, "सिल्डेनाफिल चालू आहे, सॉर्बिट्रेट देऊ नका", खाली गोळ्यांची नावं आणि आमचे नंबर. चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं त्यांच्या मनात आहे. पायऱ्यांचा विषयच नाही, ट्रॉलीनेच, पण गड उंचावर आहे म्हणून ते सुद्धा आधी डॉक्टरांना विचारून, आणि दुपारचा डोस सोबत घेऊन.