प्लास्टिकच्या खेळण्यात आपण पैसे नक्की कशाचे देतो?

खेळण्याची किंमत ऐकली की आपल्याकडे डायलॉग ठरलेला, एवढ्याशा प्लास्टिकचे एवढे पैसे? अहो पण प्लास्टिकचे पैसे घेतंय कोण, प्लास्टिकचा कच्चा दाणा किलोवर मिळतो आणि एका छोट्या गाडीत तो जातो किती! खरा खर्च मोल्डचा, म्हणजे ज्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरतात त्या साच्याचा. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूमवाल्याला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला विचारा, स्टीलचे दोन अर्धे असे बसवायचे की फटीतून प्लास्टिक बाहेर येता कामा नये, आणि हजारो शॉट मारून, म्हणजे तेवढ्या वेळा साचा भरून झाल्यावरही नाही, तिथे पैसा जिरतो.

भाच्याचा डंपर आठवड्यात मोडला म्हणून उघडून बघितला. कडेने सगळीकडे फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेली प्लास्टिकची पातळ कड, याचा अर्थ मोल्ड झिजलेला किंवा क्लॅम्पिंग, म्हणजे साचा दाबून धरायचा जोर, कमी. आतून जिथे स्क्रूचा बॉस, म्हणजे स्क्रू बसतो ती जाड नळी आहे, नेमकं तिथेच बाहेरून खड्डा, कारण जाड जागा सावकाश गार होते आणि आत ओढली जाते. बॉस उभा चिरलेला, आणि मोडलेल्या तुकड्यात दोन रंगांच्या रेघा दिसत होत्या, भंगार दळून परत मारलेला माल, दुसरं काय. बॅटरीच्या झाकणाला तर स्क्रूच नाही, नुसतं नखाने उघडतं, लहान पोरांच्या खेळण्यात हे मला अजिबात चालत नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, याच्यावर कुठे दिसला नाही.

उलट लेगोच्या 1958 च्या विटा आजच्या विटांना बसतात, 1963 पासून त्यांनी एबीएस नावाचं मजबूत प्लास्टिक धरलंय. आणि बांदाई या जपानी कंपनीचा गनप्ला, म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवायचं रोबोटचं किट बघा, एकाच रनरवर, म्हणजे पार्ट ज्याला लटकलेले असतात त्या फ्रेमवर, वेगवेगळ्या रंगांचे पार्ट, गोंद नको, रंग नको, टक् करून बसतो, आणि गेटचा, म्हणजे पार्ट रनरपासून तोडतो तिथला, डाग बऱ्याचदा अशा जागी की जोडल्यावर झाकला जातो. हा विचार कुणीतरी मोल्ड बनवायच्या आधी केलेला असतो, मी त्याचे पैसे आनंदाने देतो.

पण महाग म्हणजे चांगलं असंही नाही हं. खेळण्यांवरची इम्पोर्ट ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70, म्हणजे बाहेरच्या किटची किंमत फुगते त्यातला बराच भाग क्वालिटीचा नसतोच. त्यात काही कंपन्या चाळीस-पन्नास वर्षं जुना मोल्ड नवीन बॉक्समध्ये घालून विकतात, वर झकास विमानाचं चित्र, आत पंख आणि बॉडीच्या मधे पुट्टी भरत बसा! त्यामुळे किट घेताना चित्रावर जाऊ नका, रनरचे फोटो शोधा आणि मोल्ड कुठल्या सालचा ते बघा, बॉक्सवरचं साल बऱ्याचदा पॅकिंगचं असतं.