इनसोल, ओळंबा आणि माझा डावा पाय : सहावा आठवडा

मंडळी, इनसोल (बुटात तळव्याखाली टाकायची आधाराची गादी) घालून सहा आठवडे झाले, परवा सगळी मापं परत घेतली, थोडं सुधारलंय थोडं जिथल्या तिथं आहे, पण सगळंच लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

नवीन लोकांसाठी, यंदा आषाढीला पैठणहून नाथांच्या पालखीसोबत चालायचंय म्हणून रोज सकाळी हिमायतबागेत चालायलोय, रविवारी गोगाबाबा टेकडी. आठ-नऊ किलोमीटर झाले की डाव्या घोट्याची आतली बाजू ठणकायची, बूट पालथे करून बघितले तर डाव्या टाचेची आतली कड लई झिजलेली. ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभा राहिलो तर उजव्याचा ठसा मधी बारीक आणि डाव्याचा जवळपास आख्खा तळवा उमटला. आपल्याकडच्या उन्हात फोटो काढेपर्यंत ठसा वाळून जातो, खाकी पुठ्ठ्यावर घ्या.

पण नुसता ठसा बघून इनसोल घेऊ नका. मला खरं कळलं ते हाडाच्या मापानं. घोट्याच्या आतल्या बाजूला जरा पुढं आणि खाली एक हाड हाताला टोचतं, त्यावर पेनानं ठिपका द्यायचा, आधी खुर्चीत बसून आणि मग उभं राहून त्या ठिपक्याची जमिनीपासूनची उंची घ्यायची. ह्या फरकाला, म्हणजे अंगाचा भार आल्यावर तळव्याची कमान किती खाली बसते त्याला, नॅव्हिक्युलर ड्रॉप म्हणतात, 10 मिलिमीटरच्या वर गेला की जास्त धरतात. माझा उजवा 7, डावा 13. पट्टी बायकोनं धरली, कारण आपणच वाकून बघायला गेलं की भार हलतो. एकाच पायाचं तीनदा घेतलं तरी 2 मिलिमीटर इकडंतिकडं झालंच, म्हणून दोनच्या आतला फरक मी फरक धरतच नाही.

उभं कसं राहतो ते तपासायला मिस्त्रीकाकांचा ओळंबा (वजन बांधलेला सरळ लोंबणारा दोरा) आणून चौकटीला टांगला, ते म्हणले दोरा पूर्ण थांबू द्या, मगच बघा. बाजूनं बघताना दोरा घोट्याच्या जरा पुढं ठेवायचा, मग तो गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून, खुब्यावरून, खांद्याच्या मधून कानाच्या पाळीपर्यंत जायला पाहिजे. माझा कान दोऱ्याच्या तीन बोटं पुढं! फोटोआधी जागेवरच दहा पावलं टाकतो, नाहीतर माणूस आपोआप छाती काढून उभा राहतो आणि फोटो खोटा येतो.

पहिली जोडी दुकानदारानं कडक तेवढी चांगली म्हणून दिली, तिसऱ्या दिवशी कमानीखाली फोड आला. शिवाय बुटातला मूळचा इनसोल न काढता वरून टाकली होती, त्यानं टाच बुटातून वर निघायली. आताची मध्यम आहे, मूळचा काढून टाकलीय, पहिल्या दिवशी एक तास आणि मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं.

आता मापं. टाचेवर आणि पोटरीवर रेघ काढून, इनसोल जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहून मागून फोटो काढले, डाव्या टाचेचं आत कलणं 9 अंशांवरून 6 वर आलंय. इनसोल काढला की परत 9. म्हणजे पाय बदलला नाही, त्याला आधार मिळालाय, आणि हा फरक ध्यानात ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कान होता तिथंच आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पुढं गेलेली मान बुटातून कशी मागं येणार. ठणका मात्र आता बारा किलोमीटरनंतर सुरू होतो, ह्याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणून आता जोर पायावरच. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, उजव्यावर 22 वेळा जमतं, डाव्यावर 11. रोज सकाळ-संध्याकाळ करायलोय. शुगर असेल किंवा पाय बधिर होत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवल्याशिवाय बुटात काहीच टाकू नका, फोड आलेला कळत नाही.

वारी केलेल्यांनी एक सांगा, पावसात इनसोल भिजला की मुक्कामावर वाळतो का, का दुसरी जोडी पिशवीत टाकूनच निघावं?