तुम्ही विचारलंत म्हणून: बँकेचे पत्र थेट बँकेकडूनच का?

“इतक्या वर्षांची ओळख, तरी आमच्या कागदांवर तुमचा विश्वास नाही?” ताळेबंदाचा हंगाम आला की हा प्रश्न मला, लेखापरीक्षकाला (ऑडिटरला), हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा सचोटीचे असल्यामुळे त्यांचे मनही दुखावलेले असते. निमित्त एवढेच, की मुदत ठेवींचे बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे खात्यात किती शिल्लक आहे हे कळवणारे बँकेचे पत्र, त्यांनी बँकेतून आणून फायलीला लावलेले असते आणि तेच पत्र बँकेने परस्पर माझ्या कार्यालयात पाठवावे, असा माझा आग्रह असतो.

हा आग्रह का, ते एका उदाहरणावरून कळेल. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले, की सप्टेंबर २००८ अखेर रोख व बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. येणे म्हणून दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही तसेच. (याच कंपनीला आदल्या सप्टेंबरात उत्तम कारभाराचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.) शिल्लक मालाची किंमत किंवा बुडीत येणे ठरवताना लेखापरीक्षकाची फसगत होऊ शकते, हे मी समजू शकतो. बँकेतील शिल्लक मात्र बँकेला विचारली की कळते. मग एवढा आकडा दडला कसा? सत्यमची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदणी असल्याने प्रकरण अमेरिकी नियामकांकडे गेले आणि एप्रिल २०११ मधील त्यांच्या आदेशात याचे उत्तर आले: बँकांना विचारणा पाठवणे आणि त्यांची उत्तरे घेणे, ही दोन्ही कामे लेखापरीक्षकांनी पूर्णपणे कंपनीवरच सोपवली होती. हे लेखापरीक्षक म्हणजे प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्था; त्यांनी आरोप मान्य वा अमान्य न करता ७५ लाख डॉलरचा दंड स्वीकारला.

माझ्या मते तिथे बुद्धी कमी पडली नाही, भीड आड आली असावी. मोठा अशील, जुने संबंध, शिवाय फी देणाराही तोच. अशा माणसाला “तुमचे पत्र नको, बँकेचे थेट हवे” असे म्हणणे अवघड जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) आणि काही मोठ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलणे भाग पाडले, ते योग्यच झाले; पण आजोबांपासून एकाच सीएकडे जाणाऱ्या आपल्या पेढ्यांना आणि भागीदारी संस्थांना तो नियम लागू नाही. तिथे ही भीड ज्याची त्यानेच मोडावी लागते.

म्हणून मी हे पत्र सर्वांकडूनच मागवतो. ज्याच्याविषयी शंका आहे त्याच्याकडूनच मागवले, तर ते मागणेच आरोप ठरेल. शिवाय माझा अहवाल वाचून कर्ज देणारी बँक किंवा उधारीवर माल देणारा व्यापारी तुम्हाला ओळखत नसतो. आपल्या वीस वर्षांच्या स्नेहाचा त्याला काय उपयोग?

व्यवहारात तुम्हाला फारसा त्रासही नाही. खातेदाराच्या संमतीवाचून बँक माहिती देत नाही, म्हणून विनंतीपत्रावर सही तुमचीच लागते. ती करून पत्र माझ्याकडे द्या. ते शाखेत पोहोचवणे, उत्तर आले नाही तर पुन्हा मागे लागणे आणि आलेला आकडा तुमच्या वह्यांशी जुळवणे, हे माझे कार्यालय करील.