एका कळीसाठी पाच तास

२०१९ सालच्या एका रविवारी पहाटे वीज जाऊन परत आली, तेव्हा आमच्या संस्थेचे अकरा सर्व्हर आपापले सुरू झाले आणि बारावा झाला नाही. पगाराचा डेटाबेस नेमका त्याच्यावर होता. सर्व्हर ठेवलेली खोली दुसऱ्या गावात, तिथल्या पहारेकऱ्याला आत शिरण्याची परवानगी नाही, आणि माझ्यापाशी घरातला एक लॅपटॉप, एवढ्या सामग्रीवर दिवस सुरू झाला.

अशा वेळेसाठीच सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक स्वतंत्र व्यवस्थापन-चिप असते. मुख्य यंत्र बंद असले तरी ती जागी असते आणि तिचे वेबपान ब्राउझरमध्ये उघडते. ते उघडलेही. तापमान ठीक, पंखे ठीक, वीजपुरवठा ठीक. दोनदा यंत्र बंद करून चालू केले, पण दोन्ही वेळा ते कुठेतरी अडले. कुठे अडले हे कळायला स्क्रीन पाहणे भाग होते, म्हणून ‘रिमोट कन्सोल’चे बटण दाबले. जिथे सर्व्हरची स्क्रीन दिसायला हवी होती, तिथे एक रिकामी चौकट आणि तिच्याखाली ‘जावा प्लगिन स्थापित करा’ अशी सूचना आली.

तो कन्सोल म्हणजे जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरच्या पानात चालणारा जावा भाषेतला छोटा प्रोग्राम होता. तो चालवायला ब्राउझरला प्लगिन हे जोड-सॉफ्टवेअर लागे, आणि तसे ॲपलेट चालवणारा ब्राउझर तोवर माझ्यापाशी उरलेला नव्हता. क्रोमने सप्टेंबर २०१३ मध्ये एनपीएपीआय ही जुनी प्लगिन-व्यवस्था काढण्याचे जाहीर केले, एप्रिल २०१५ मध्ये ती मुळातच बंद ठेवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पूर्ण काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीपासून फ्लॅश तेवढे ठेवून बाकी प्लगिनांना निरोप दिला. खुद्द जावाच्या ११ व्या आवृत्तीतून ब्राउझरचे प्लगिन गेले होते. आमच्या विभागात सगळे लिनक्स, त्यामुळे विंडोजवरच्या, जावा अजून चालवणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररची मागची वाटही नव्हती. ब्राउझरविना, नुसत्या अक्षरांत सर्व्हरची स्क्रीन दाखवणारा सिरियल कन्सोल बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, चालू करून ठेवण्याचे काम आठ वर्षे ‘पुढच्या आठवड्यात’ होते.

सात वाजता साहेबांचा फोन आला. परिस्थिती ऐकून ते वैतागले आणि म्हणाले, “त्या ब्राउझरवाल्यांचं काय जात होतं हो, तेवढं एक प्लगिन ठेवायला? ज्याला नको त्यानं वापरू नये!”

त्या क्षणी मलाही तसेच वाटत होते, आणि तरीही मला साहेबांच्या बाजूने बोलता येईना, कारण जानेवारी २०१३ मध्ये आमच्या सगळ्या संगणकांवरच्या ब्राउझरांतून जावा काढण्याचा आदेश माझ्याच सहीने निघाला होता. त्या महिन्यात जावातली एक त्रुटी दुरुस्ती येण्याआधीच हल्लेखोरांच्या हाती लागली होती आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधला जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला होता. ‘ज्याला नको त्याने वापरू नये’ हा न्याय प्लगिनला लागू पडत नाही, हे मी तेव्हाच शिकलो होतो. एनपीएपीआयचे प्लगिन ब्राउझरच्या सँडबॉक्सबाहेर, म्हणजे पानांना कोंडून ठेवणाऱ्या कुंपणाबाहेर, वापरणाऱ्याचे सगळे अधिकार घेऊन चालते. त्यामुळे वर्षातून एकदा लागणाऱ्या कन्सोलसाठी ते यंत्रावर ठेवले, तर उरलेले ३६४ दिवस कोणतेही भलते पान त्याला हाक मारू शकते. वापर कमी असला म्हणून धोका कमी होत नाही, उलट वापरणारे घटले की त्या कोडकडे लक्ष देणारेही घटतात. ‘क्लिक केल्यावरच चालेल’ अशी मधली वाट ब्राउझरांनी काही काळ काढून पाहिली, पण समोर आलेल्या चौकटीवर माणसे काय करतात, हे आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारावे.

साहेबांना मी एवढेच म्हटले, “दुपारपर्यंत करतो, सर.”

लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक, उभे केले आणि त्याला इंटरनेट न देता फक्त व्यवस्थापनाच्या नेटवर्कशी जोडले. मोझिलाच्या संग्रहातून फायरफॉक्स ५२ ची दीर्घकालीन आवृत्ती आणली. तिच्यात प्लगिनांचा आधार शाबूत होता. जुना जावा ८ आमच्याच सामायिक फोल्डरात धूळ खात सापडला. तो टाकला, प्लगिनची फाइल ब्राउझरला जोडून दिली, तर जावाने ॲपलेट नाकारले, कारण त्याच्यावरची डिजिटल सही एमडी५ या जुन्या पद्धतीची होती आणि ती पद्धत जावाने केव्हाच अविश्वसनीय ठरवली होती. ‘जावा.सिक्युरिटी’ नावाची फाइल उघडून नाकारलेल्या पद्धतींच्या ओळीतून एमडी५ हा शब्द हाताने खोडला. सर्व्हरचा पत्ता अपवादांच्या यादीत घातला. मग एकामागून एक आलेल्या तीन इशाऱ्यांना ‘हो’ म्हटले. इतरांना जे करू नका म्हणून वर्षानुवर्षे बजावले, ते सगळे त्या तासाभरात मी स्वतः केले.

साडेनऊच्या सुमारास काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे उमटली. अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या रेड (RAID) कंट्रोलरच्या बॅटरीने मान टाकली होती, त्याच्या कॅशमधली, म्हणजे डिस्कवर लिहिण्याआधी तात्पुरती ठेवलेली, माहिती गेल्याची सूचना होती, आणि शेवटची ओळ म्हणत होती की पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा. मी स्पेसबार दाबला. डेटाबेस तपासून पाहिला, तर शनिवारी रात्रीच सगळे लिहून झालेले असल्याने नुकसान काही नव्हते. ते नशीब होते.

दोष कुणाचा, याचा शोध मी सोमवारी घेतला. उत्पादकाने त्याच सर्व्हरच्या पुढच्या पिढीला प्लगिनविना चालणारा कन्सोल दिला होता, आमच्या मॉडेलला मात्र नवे फर्मवेअर, म्हणजे चिपवरचे सॉफ्टवेअर, देणे थांबवले होते. क्रोमने दोन वर्षे आधी सूचना दिली होती. ती मी वाचलीही होती, पण ‘आपले लोक फायरफॉक्स वापरतात’ म्हणून पुढे सरकलो होतो. खरेदीची २०११ ची फाइल काढली, तर तपशिलाच्या तक्त्यात ‘ब्राउझरमधून रिमोट कन्सोल’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. कशाच्या जोरावर चालणारा, आणि ते बंद पडले तर काय, असा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. खालची सही माझी होती.

साहेबांनी फाइल पाहिली आणि ते व्हर्च्युअल मशीन आता पुसून टाकणार का, असे विचारले. मी नाही म्हणालो. सर्व्हर निकालात निघेपर्यंत ते बंद अवस्थेत, इंटरनेटशिवाय, एका वेगळ्या डिस्कवर राहील, आणि कुणाच्याही रोजच्या ब्राउझरमध्ये जावा परत येणार नाही, असे ठरले. त्याच दुपारी सिरियल कन्सोलही चालू केला. त्याला अकरा मिनिटे लागली.