हार्वेलच्या सिंक्रोट्रॉनवर रेणूंची उंची मोजताना

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून डिडकॉटपर्यंत रेल्वेने आणि तेथून बसने हार्वेलला जाता येते. दुसऱ्या महायुद्धात जेथे लष्करी विमानतळ होता, त्या परिसरात आज सुमारे ५६२ मीटर परिघाचे डायमंड सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र, आहे. तेथील आय-०९ या बीमलाइनवर (त्या किरणांवरील प्रयोगस्थानावर) चांदीच्या स्फटिकाच्या (१११) या विशिष्ट दिशेच्या पृष्ठावर बसलेल्या पीटीसीडीए या सपाट सेंद्रिय रेणूची उंची आम्हांला मोजायची होती. ही उंची सुमारे २.८६ अँग्स्ट्रॉम (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असल्याचे पूर्वीच्या मापनांतून ठाऊक आहे, आणि म्हणूनच नवख्या गटाने याच रेणूपासून सुरुवात करावी.

स्फटिकावर पडणारा आणि त्याच्यातील अणूंच्या थरांवरून परतणारा क्ष-किरण यांच्या व्यतिकरणातून पृष्ठाच्या वरही स्थिर तरंग, म्हणजे ठरावीक अंतराने तीव्र-मंद होणारा क्ष-किरणांचा पट्टा, तयार होतो. किरणांची ऊर्जा २.६३ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास किंचित बदलत नेली की या तरंगाची शिखरे थरांतील अंतराच्या निम्म्याने सरकतात आणि रेणूतील कार्बनमधून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या त्याबरोबर कमी-जास्त होते. अडचण अशी की हा तरंग थरांतील अंतराइतक्या टप्प्याने पुन्हा तसाच येतो आणि चांदीत ते अंतर २.३६ अँग्स्ट्रॉम असल्याने ०.५० आणि २.८६ ही दोन्ही उत्तरे मापनाच्या दृष्टीने सारखीच ठरतात. त्यांतून निवड रसायनशास्त्राच्या आधारेच करावी लागते, आणि येथे ती सोपी आहे, कारण चांदीच्या अणूंच्या इतक्या जवळ कार्बन बसूच शकत नाही.

जाणाऱ्यांनी पृष्ठाच्या तयारीला भरपूर वेळ राखून ठेवावा, कारण पृष्ठ स्वच्छ करण्यासाठी आर्गॉन आयनांचा मारा आणि नंतरचे तापवणे यांची आवर्तने घाईने उरकत नाहीत. रेणू चढवण्यापूर्वी स्फटिकावरील अनेक जागांचे परावर्तन तपासून ज्या जागी ऊर्जेनुसार बदलणाऱ्या परावर्तनाचा वक्र अरुंद आणि सममित येईल तीच निवडावी. किरण जवळजवळ लंब दिशेने पडत असल्यामुळे धातूच्या स्फटिकातील लहानसहान दोष खपून जातात, मोठे मात्र नाहीत. क्ष-किरणांनी रेणू मोडतात, म्हणून मोजमापाच्या आधी आणि नंतर कार्बनचा वर्णपट ताडून पाहावा आणि नमुना अधूनमधून सरकवावा. सुसंगत अंश (रेणू किती प्रमाणात एकाच उंचीवर आहेत ते दाखवणारी संख्या) कमी आला की बीमला दोष देण्याची प्रथा आहे (ती सोयीचीही आहे); माझ्या मते आधी रेणूंच्या थराची जाडी तपासावी, कारण दुसऱ्या थरात साचलेले रेणू वेगळ्या उंचीवर असल्याने तो अंश खाली ओढतात.

सुरक्षा प्रशिक्षण निघण्यापूर्वीच ऑनलाइन पूर्ण करावे, ब्रिटिश पद्धतीच्या तीन चपट्या पिनांचे अ‍ॅडॅप्टर सोबत घ्यावेत आणि रात्रपाळीच्या जेवणाची सोय दिवसाच लावून ठेवावी.