जत्रेच्या नाटकाचा फलक आणि अरुंद जाड अक्षर

गोव्याच्या फोंडा तालुक्यात जत्रांचे दिवस जवळ आले की नाटकांचे फलक करून देण्याचे काम माझ्याकडे येते, आणि दर खेपेला तोच पेच पडतो. फलक उभा व अरुंद असतो, नाटकाचे नाव लांबलचक असते, आणि तरीही ते धावत्या बसमधून वाचता आले पाहिजे. इथे जाड, दाटीने बसणारे सॅन्स-सेरिफ, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेले, अक्षरच कामास येते. रोमन लिपीत १९६५ सालच्या ‘इम्पॅक्ट’सारखे असे फाँट मुबलक आहेत.

देवनागरीत मात्र बहुतेक ठिकाणी साधाच फाँट आडवा दाबून वेळ मारून नेली जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. दाबल्यावर काने आणि अक्षरांचे दंड बारीक होतात, पण शिरोरेषा पूर्वीइतकीच जाड राहते, त्यामुळे सगळा शब्द डोक्यावरच्या ओझ्याने वाकल्यासारखा दिसतो. मुळातच अरुंद रेखाटलेल्या फाँटमध्ये दंड आपली जाडी राखतात, आणि भ, ध, ण यांच्या पोटातली पोकळी बुजू नये म्हणून सांध्यांपाशी रेषा जाणीवपूर्वक बारीक केलेली असते. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ हा फाँट मला या कामासाठी सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याची घडण चौकोनी आहे, वजने, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, पाच आहेत, आणि देवनागरी व रोमन अक्षरे एकाच हाताची वाटतात, जे गोव्यातल्या द्विभाषिक फलकांसाठी फार मोलाचे आहे. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘अनेक’ या फाँटमध्ये रुंदी नेहमीच्या ७५ ते १२५ टक्के या मर्यादेत हवी तशी बदलता येते. एखादे नाव थोडक्यासाठी ओळीत मावत नसेल, तर मी त्याकडे वळतो.

खरी कसोटी ओळींमधल्या अंतराची असते. ‘बेबास न्यू’ या फाँटमध्ये केवळ रोमन मोठी अक्षरे असल्यामुळे ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवता येतात. त्याच हिशेबाने ‘कुंडई’ आणि त्याखाली ‘फोंडा’ लिहून पाहावे: वरच्या ‘कुं’चा उकार थेट खालच्या ‘फों’च्या मात्रेवर आणि अनुस्वारावर येऊन आदळतो. ‘म्हार्दोळ’मध्ये तर रफार आणि ओकाराची मात्रा एकाच कान्याच्या माथ्यावर येतात, आणि सर्वांत जाड वजनात त्यांचा गोळा होतो. म्हणून तिथल्या म्हाळसेच्या जत्रेच्या फलकावर मी बोल्ड सोडून त्याहून एक पायरी हलके सेमीबोल्ड घेतो आणि ओळींत उकार-मात्रांना पुरेल एवढी जागा ठेवतो, मग त्यासाठी नाटकाचे नाव थोडे लहान करावे लागले तरी चालेल.

कलाकारांच्या नावांना व वेळेच्या ओळीला हे अक्षर मी लावत नाही. लहान आकारात ते गिचमिड होते, आणि तिथे मुक्तासारखा मोकळा फाँटच हवा.