तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अ‍ॅक्वालंग’ सोडून बाकीचं कशाला ऐकायचं?

घरी आलेला माणूस कपाटापुढे उभा राहतो, ‘जेथ्रो टल’ या इंग्लिश रॉक बँडचं नाव ओळीने दहा-बारा वेळा वाचतो आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमवरून हमखास विचारतो, "हे ‘अ‍ॅक्वालंग’वालेच ना? मग बाकीचं एवढं कशाला?" ज्यांनी बँडचं नावच ऐकलेलं नाही त्यांचा प्रश्न वेगळा असतो. माझा शाळेपासूनचा एक मित्र तर दर दिवाळीला विचारतो, "जे इंग्लंडातबी कोनी ऐकत नसन ते नागपुरात बसून काऊन ऐकून राह्यला बे?" मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. उत्तर मात्र दोघांनाही एकच देतो, आणि ते सुरू होतं एका पुसल्या गेलेल्या कॅसेटपासून.

१९८९ साल. आम्ही तेव्हा धरमपेठेत राहायचो. होस्टेलवर राहणाऱ्या मामेभावाने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला १९७१चा ‘अ‍ॅक्वालंग’, दुसऱ्या बाजूला १९७८चा ‘हेवी हॉर्सेस’. दोन्ही अल्बम त्रेचाळीस मिनिटांच्या आसपासचे, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत अगदी मापात बसणारे. मी ‘ए’ बाजू एकदाही ऐकायच्या आत आईने तिच्यावर आकाशवाणी नागपूरचं नाट्यसंगीत टेप करून टाकलं. तिला तरी काय बोलणार? कॅसेटवर भावाच्या किरट्या अक्षरात फक्त ‘जे. टल’ लिहिलेलं. तिला ते कॅसेटच्या कंपनीचं नाव वाटलं.

त्यामुळे पुढची चार-पाच वर्षं माझ्यासाठी जेथ्रो टल म्हणजे ‘हेवी हॉर्सेस’ एवढंच. गाण्यांची नावं माहीत नाहीत, अल्बमचं नाव माहीत नाही, हा बँडचा अकरावा अल्बम आहे आणि ऐकणारे लोक सहसा चौथ्या-पाचव्यावरच थांबतात, हेही माहीत नाही. ही गाणी ‘कमी महत्त्वाची’ आहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर ‘अ‍ॅक्वालंग’ हाती लागला. आवडला. पण ज्याचं कौतुक नातेवाइकांत सतत चाललेलं असतं असा एखादा चुलतभाऊ पहिल्यांदा भेटावा, तसं वाटलं. हुशार आहे, देखणा आहे, पण ओळख आपली त्याच्या धाकट्या भावाशी आधीच झालेली.

आता त्या धाकट्याबद्दल. अल्बमचंच नाव असलेलं ‘हेवी हॉर्सेस’ हे गाणं जवळपास नऊ मिनिटांचं आहे. सुरुवात संथ, जड, पाय रोवून. मध्ये लय अचानक उडी मारते, व्हायोलिन येतं (‘कर्व्ड एअर’ या बँडच्या डॅरिल वेचं) आणि घोडे धावायला लागतात. विषय आहे शेतात नांगर ओढणारे भलेथोरले घोडे. सफक, क्लाइड्सडेल, पर्शरॉन अशा जातींची नावं गाण्यात येतात. ट्रॅक्टर आला, घोडे गेले, एवढंच ते सांगतं. पण सांगताना मध्येच एक माप येतं: खांद्याशी अठरा हात. घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच, म्हणजे खांद्यापर्यंतच सहा फूट. एवढ्या जनावराला झाडीमागे लपवून ठेवू, वंश टिकवू, तेल संपेल तेव्हा लोक पुन्हा तुमच्याच दारात येतील, असं गाणारा त्यांना समजावतो.

हे कॉलेजात असताना ऐकलं तेव्हा अर्धं कळलं नव्हतं. शब्द कळले १९९५-९६ च्या सुमारास, आणि त्याच वर्षी काटोलकडच्या गावातली आमची शेवटची बैलजोडी विकली गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा पळसाच्या पानांनी हळद-तूप लावून शेकायचा आणि त्याला सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आजोबा हे बोलताना बैलाला ‘अहो-जाहो’ करत. एरवी घरातल्या कुणाशीच ते इतके अदबीने बोलत नसत. चांद्या नावाच्या बैलाच्या खांद्यावर जुवाने पडलेला घट्टा होता, तळहाताएवढा, पायताणाच्या चामड्यासारखा. त्यावर तूप जिरतच नसे, नुसतं चकाकत राही. जोडी गेली त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली झडत्या झाल्या, ‘हर बोला हर हर महादेव’ झालं, आजोबा गेलेच नाहीत. मी नागपूरला परत आलो, कॅसेट लावली, आणि ते अठरा हात पहिल्यांदा नीट ऐकू आले.

म्हणून दिवाळीवाल्या मित्राला मी सांगतो, इंग्लंडचं राहू दे, हे गाणं काटोल रोडवर जास्त कळतं.

बँडचं नावही काही परकं नाही. खरा जेथ्रो टल (१६७४–१७४१) हा इंग्लंडमधला शेतकरी. १७०१च्या सुमारास त्याने पेरणीचं यंत्र बनवलं, एका वेळी तीन ओळी पेरणारं. ऑर्गनच्या आतली रचना पाहून त्याला ते सुचलं असं सांगतात. तीन ओळी म्हणजे आपली तिफणच की! फरक इतकाच की आपल्याकडे चाड्यावर मूठ धरणारी बाई लागते, त्याच्याकडे ते काम यंत्र करायचं. बँडला हे नाव मिळालं ते मात्र योगायोगाने. १९६७-६८ मध्ये एकदा बोलावलेल्या क्लबात पुन्हा कोणी बोलवेना, म्हणून ही पोरं सतत नाव बदलून जायची. त्यांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या एजन्सीतल्या, इतिहासाची आवड असलेल्या एका माणसाने हे नाव सुचवलं, आणि नेमकं त्याच नावाला पुढचं आमंत्रण आलं. पहिल्या सिंगलवर तर ते ‘जेथ्रो टो’ असं चुकीचं छापलं गेलं होतं.

या बँडमधल्या बासरीबद्दलही विचारतात. पूर्वी शेजारी एक तबला शिकवणारे काका राहायचे. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "हा बासरी वाजवतो की तिच्याशी भांडतो?" अगदी बरोबर. बँडचा गायक आणि बासरीवाला इयन अँडरसन याने १९६७ मध्ये आपली इलेक्ट्रिक गिटार देऊन बासरी आणि एक माइक घेतला, कारण एरिक क्लॅप्टनइतकी गिटार आपल्याला कधीच जमणार नाही हे त्याने ओळखलं होतं. गुरू नाही. फुंकता फुंकता गुरगुरायचं, गायचं, थुंकायचंसुद्धा. त्याच काकांना मी १९६९चं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ ऐकवलं. त्यांनी मांडीवर बोटं आपटली, पाच मोजले, पुन्हा मोजले. "झपतालाचा अर्धा भाग आहे, पण उलटा. दोन-तीन नाही, तीन-दोन." मग बराच वेळ गप्प. मग, "परत लाव."

ही बासरीच नंतरचे अल्बम ऐकण्याचं खरं कारण आहे. नव्वदीच्या सुरुवातीला अँडरसनची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली आणि बापाच्या लक्षात आलं की आपण वीसेक वर्षं चुकीची बोटं टाकत आलोय. चाळिशी ओलांडलेला, जगभर गाजलेला माणूस पुन्हा शिकायला बसला. १९९५चा ‘रूट्स टू ब्रँचेस’ ऐका. त्यातली बासरी आधीच्या कुठल्याच अल्बमसारखी नाही. सूर स्थिर आहेत, लांब श्वास आहेत, बांबूची बासरीही आहे, आणि आपल्याकडच्या, अरबस्तानाकडच्या चालींची सावली आहे. हा माणूस हरिप्रसाद चौरसियांबरोबरही एका मंचावर वाजवून गेला आहे. चुकीच्या बोटांची जुनी बासरी जास्त रांगडी होती असं म्हणणारे आहेत. मीही काही दिवशी त्यांच्यातला असतो. पण फक्त ‘अ‍ॅक्वालंग’ ऐकून थांबलेल्या माणसाला हा वाद घालताच येत नाही, कारण त्याने अर्धा माणूसच ऐकलेला असतो.

एक सूचना, अनुभवाची. मे महिन्यात दुपारी ‘हेवी हॉर्सेस’ ऐकू नका. नागपूरचा कूलर आणि त्यातलं ‘मॉथ्स’ हे गाणं एका खोलीत नांदत नाहीत. अ‍ॅकॉस्टिक गिटार, मागे हलकी तंतुवाद्यं, आणि दिव्याभोवती फिरणारे दोन पतंग एवढंच गाणं. पंचेचाळीस डिग्रीत खसाच्या ताट्यांतून येणारा घोंघाट ते गिळून टाकतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर कूलर बंद होतो आणि ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडायला लागतो, तेव्हा लावा. पतंग-परवाना म्हटलं की आपल्याला लगेच गझल आठवते आणि जळण्याचं कौतुक सुरू होतं. इथे तसा आक्रोश नाही, नुसतं शांतपणे बघणं आहे.

सगळंच चांगलं आहे असं नाही. १९६८ पासून २०२५ पर्यंत चोवीस स्टुडिओ अल्बम काढणारा कुणीही थोडं भुसकट काढणारच. १९७३च्या ‘अ पॅशन प्ले’मध्ये मधोमध एका चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट आहे, ती मी आता फक्त पाहुण्यांना घालवण्यासाठी लावतो. १९८४चा ‘अंडर रॅप्स’ ड्रम मशीनवर बेतलेला आहे आणि त्यात हाडामांसाच्या ढोलकऱ्याची जागा रिकामीच राहिली आहे. त्याच्या दौऱ्यात अँडरसनचा गळाही दुखावला. १९८७च्या ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ला १९८९ मध्ये हार्ड रॉक-मेटलचं ग्रॅमी मिळालं, समोर मेटालिकासारखा मेटल बँड असताना. त्यावरून लोक अजून दात-ओठ खातात, त्यामुळे अल्बम ऐकायचा राहूनच जातो. त्यातलं दहा मिनिटांचं ‘बुडापेस्ट’ ऐकावं आणि ग्रॅमी विसरावं.

आणि १९७९चा ‘स्टॉर्मवॉच’. यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर संध्याकाळ जाते. बेस वाजवणारा जॉन ग्लॅस्कॉक आजारी होता. तो मोजक्याच गाण्यांत आहे, बाकीचा बेस अँडरसननेच वाजवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लॅस्कॉक गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. अल्बमच्या शेवटी ‘एलेजी’ नावाची शब्दांविनाची रचना आहे. ती बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या डेव्हिड (आता डी) पामरने आपल्या वडिलांसाठी लिहिलेली, ग्लॅस्कॉकसाठी नव्हे. पण ऐकताना हे लक्षात ठेवणं मला तरी जमत नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्याला भाचा आला होता. त्याच्या धाकट्या पोरीच्या लाकडी बैलाचं चाक निघालं होतं, ते ठोकत मी बसलो होतो, मागे ‘हेवी हॉर्सेस’चं शेवटचं गाणं चालू होतं, ‘वेदरकॉक’. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट. गाणारा त्याला विचारतो, तू हवामान घडवतोस की नुसता वाऱ्याबरोबर फिरतोस? भाच्याला ही कॅसेटची गोष्ट माहीत आहे. तो म्हणाला, "मामा, ‘ए’ बाजूला आता काय आहे, कधी ऐकलंय का?"

ऐकलं नव्हतं. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. डेक अजून चालतो. लावली. चाळीसेक मिनिटं नाट्यसंगीत, मधून निवेदकाचा आवाज, एकदा आमच्या जुन्या घराची दारावरची घंटासुद्धा. मग टक् असा आवाज, आईने बटण दाबल्याचा, आणि त्याच्या पुढे ‘अ‍ॅक्वालंग’चं जे काही उरलं होतं ते: ‘विंड-अप’चा शेवटचा तुकडा, मधल्याच ओळीपासून, जेमतेम दोन मिनिटं.

आई आतून आली. पदराला हात पुसत उभी राहून तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"माझं गाणं पूर्ण आलंय," ती म्हणाली. "तुझंच राह्यलं अर्धं."